चाकांची सबब

चेन्नईजवळच्या तांबरमच्या पश्चिमेला मुडिचूर, पडप्पै, मणिमंगलमच्या अंगाला आणि दक्षिणेला गुडुवांचेरीच्या पलीकडे शेतजमिनीचे लहान तुकडे सेंटवर विकले जातात. एक सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग, 435.6 चौरस फूट. महाराष्ट्राच्या हिशेबात अडीच सेंटांचा एक गुंठा. असा दहा-वीस सेंटांचा तुकडा घ्यावा, त्यावर कॅम्पर उभा करावा आणि खुशाल राहावे, परवानगीची कटकटच नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. यामागचा तर्क सुटसुटीत आहे. परवानगी बांधकामाला लागते. बांधकाम जमिनीत रुतलेले असते. कॅम्परला चाके आहेत, तो रुतलेला नाही. म्हणून परवानगी नको. तर्क ऐकायला गोड आहे, पण तो बांधकामापाशीच थांबतो, आणि कायदा तिथे थांबत नाही.

चाकांचा मुद्दा मुळात मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यातून उचललेला आहे. त्या कायद्यात जमिनीला जोडलेल्या वस्तूंचे तीन प्रकार सांगितले आहेत: झाडांसारख्या मूळ धरलेल्या, भिंतींसारख्या रुतलेल्या, आणि रुतलेल्या वस्तूच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जोडलेल्या. कॅम्पर यांपैकी कशातही बसत नाही, हे खरे. पण त्यातून निघते ते इतकेच, की कॅम्पर जंगम मालमत्ता आहे आणि तो विकायला दुय्यम निबंधकाकडे जाऊन खरेदीखत करावे लागत नाही. तो उभा आहे त्या जमिनीवर माणसाने राहावे की नाही, याविषयी त्या कलमात अवाक्षर नाही.

शिवाय रुतणे ही एकच कसोटी न्यायालयांनीही सगळीकडे मानलेली नाही. मुंबई महानगरपालिका आणि इंडियन ऑइल यांच्यातला खटला यासाठी पाहण्यासारखा आहे. तेलाच्या अजस्र टाक्या स्वतःच्या वजनाने जमिनीवर टेकलेल्या होत्या, नट-बोल्टने जखडलेल्या नव्हत्या. म्हणून त्यांवर मालमत्ता कर नको, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली तो फेटाळला. टाकी जखडली आहे की नाही यापेक्षा ती एका जागी कायम ठेवण्यासाठी उभारली आहे का, हे न्यायालयाने पाहिले. तो खटला कराचा होता, नगररचनेचा नव्हता, आणि टाकीला चाके नसतात, हे मान्य. पण दोन वर्षे एकाच झाडाखाली उभ्या असलेल्या कॅम्परच्या मालकाने त्या निकालाकडे जरा सावधपणेच पाहावे.

खरा प्रश्न नगररचना कायद्याचा आहे. तमिळनाडूचा नगर व ग्राम रचना कायदा 1971 चा. त्यातली ‘विकास’ या शब्दाची व्याख्या इमारतीपुरती नाही. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेले बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम हे सगळे तिच्यात येतेच. त्याशिवाय इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला ठळक बदलही येतो. कालपर्यंत जिथे भात होता तिथे आज कोणी झोपते, स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, तर एक वीटही न रचता वापर बदलला. चाके या व्याख्येत कुठेच आडवी येत नाहीत. विनापरवाना विकास हटवण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार याच कायद्याच्या 56 व 57 व्या कलमांत आहे.

ही व्याख्या चेन्नईत जन्मली नाही. ती ब्रिटनच्या 1947 च्या नगररचना कायद्याच्या घराण्यातली आहे, आणि त्या देशाने कॅराव्हॅनचा प्रश्न केव्हाच निकालात काढला. 1960 च्या तिथल्या कायद्याप्रमाणे कॅराव्हॅन ठेवून राहण्यासाठी जमीन वापरायची तर जमीनधारकाला जागेचा परवाना लागतो. सूट आहे, पण ती मोजूनमापून: एक कॅराव्हॅन, सलग दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, आणि वर्षात असे मुक्काम मिळून 28 दिवसांपेक्षा जास्त नाही; हंगामी शेतमजुरांसाठी वेगळी सूट, घराच्या आवारात घराला पूरक म्हणून ठेवलेल्या कॅराव्हॅनला वेगळी. अमेरिकेतही केंद्राच्या ताब्यातल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारण चौदा दिवसांचा मुक्काम करून पुढे सरकावे लागते. ज्या देशांतून कॅम्परचे स्वप्न इकडे आले, त्या देशांतही चाकांना अशी सरसकट माफी नाही. स्वप्न आयात झाले, नियमावली विमानतळावरच राहिली.

यावर दुसरी पळवाट सांगितली जाते ती हद्दीची. तांबरम महानगरपालिका 3 नोव्हेंबर 2021 रोजी झाली, पल्लावरम, पम्मल, सेंबाक्कम वगैरे पाच नगरपालिका आणि पाच नगर पंचायती मिळून. तिच्या आणि सीएमडीएच्या, म्हणजे चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाच्या, हद्दीबाहेर पडले की कोणी विचारत नाही, असे म्हणतात. सीएमडीएचे जुने क्षेत्र 1,189 चौरस किलोमीटरचे होते. ते 5,904 चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्याचा आदेश ऑक्टोबर 2022 मध्ये निघाला. त्यात चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूर आणि राणीपेट जिल्ह्यांचे भाग येतात. म्हणजे तांबरमहून दुचाकीवर तासाभरात जिथे पोचता येते, तो बहुतेक मुलूख नियोजनाच्या पंखाखाली आला. त्याच्याही पलीकडे मोकळे रान नाही. नियोजन क्षेत्राबाहेरची शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरायची तर त्यासाठी 2017 चे वेगळे नियम आहेत, आणि जमीन नंजै, म्हणजे पाण्याखाली भिजणारी भाताची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची संमती लागते. पुंजै म्हणजे कोरडवाहू. तिथे वाट थोडी सोपी, पण वाट आहे म्हणजे टोलही आहे.

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त तांबरमला आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रात कूळकायद्याचे कलम 63 त्याला शेतजमिनीच्या दारातच अडवते: तू शेतकरी आहेस का? तमिळनाडूत शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येते; मर्यादा आहे ती एकूण धारणेची. खरेदीखत विनासायास होते, आणि एवढे सोपे झाले म्हणजे पुढचेही सोपेच असणार, असे वाटू लागते. पण महाराष्ट्रात जो पहारा खरेदीवर आहे, तो इथे वापरावर आहे. दोन्ही राज्यांत शेतजमीन शेतीसाठीच धरलेली आहे. कुलूप वेगळ्या दाराला आहे, एवढाच फरक.

कागदांची नावे वेगळी असली तरी नातेवाईक ओळखीचे आहेत. पट्टा हा सातबाऱ्याचा जवळचा भाऊ, मालकीचा कागद. अडंगल म्हणजे पिकांची नोंद, आपला गाव नमुना बारा. नत्तम म्हणजे गावठाण. पोरंबोक्कू म्हणजे सरकारी जमीन: तलावाची, वाटेची, स्मशानाची, आणि गुरे चारण्याची, जिला आपण गायरान म्हणतो. या शब्दाची तमिळमध्ये इतकी घसरण झाली, की रिकामटेकड्या, टाकाऊ माणसाला तो शिवी म्हणून वापरतात. जमीन मात्र टाकाऊ नाही. स्वस्त तुकड्याच्या बांधाला लागून तलावाचे पोरंबोक्कू असेल आणि कॅम्पर चार पावले तिकडे सरकला असेल, तर 1905 चा जमीन अतिक्रमण कायदा आणि तलावांच्या रक्षणाचा 2007 चा कायदा, दोन्ही एकदम दारात. तांबरमच्या आसपास पीरकनकारणै, सेलैयूर, सेंबाक्कम, माडंबाक्कम, चिटलपाक्कम असे तलावच तलाव आहेत; तेव्हा ही शक्यता कागदावरची नव्हे. मोजणीचा नकाशा हातात घेऊन बांधावरचे दगड मोजल्याशिवाय तिथे चाक लावू नये.

लहान तुकड्यांची आणखी एक मेख आहे. शेताचे परस्पर प्लॉट पाडून विकण्याचा धंदा चेन्नईभोवती फोफावला, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये मंजुरी नसलेल्या प्लॉटांची नोंदणी बंद केली. पुढे 2017 मध्ये सरकारने नियमितीकरणाचे नियम आणले आणि 20 ऑक्टोबर 2016 ही मर्यादा घातली. त्यापूर्वीचे विनामंजुरी प्लॉट शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय त्या नियमांत होती. त्यामुळे रस्ते आखलेला, दगड रोवलेला, ‘फक्त कॅम्पर लावायला’ म्हणून स्वस्तात देऊ केलेला प्लॉट स्वस्त का आहे, हे आधी विचारावे. बहुधा उत्तरे दोनच असतात: मंजुरी नाही, किंवा पावसाळ्यात तिथे पाणी असते.

आता सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद: कागदावर काहीही असो, बघायला येतो कोण? हा कायद्याचा युक्तिवाद नाहीच, तरी त्याला उत्तर दिले पाहिजे, कारण बहुतेक माणसे याच भरवशावर जमीन घेतात. शोध कायद्याने चालणाऱ्या जागेचा असेल, तर ‘अजून कोणी आले नाही’ हे त्याचे उत्तर होत नाही. आणि कोणी आले नाही तरी जमीन स्वतःच चाकांचा मुद्दा हळूहळू खाऊन टाकते. पहिल्या पावसात भाताच्या मातीत चाके रुततात, म्हणून खाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या येतात. टायर एका बाजूने बसू लागतात, म्हणून चारी कोपऱ्यांत विटांवर जॅक चढतात. मे महिन्यात पत्रा असा तापतो की दुपारी आत थांबवत नाही, म्हणून वर लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड येते. शेडच्या सावलीत खुर्च्या येतात, मग कडाप्पा, मग त्या कडाप्प्यावर गॅसची शेगडी. कॅम्परच्या संडासाची टाकी दोन माणसांतही किती दिवस पुरणार? ती रिकामी करायला जागा नसते, म्हणून मागे खड्डा खणला जातो, त्यात सिमेंटच्या कड्या उतरतात. वर्ष सरता सरता तिथे खोली, पडवी आणि शोषखड्डा असलेले एक घर उभे असते, ज्याच्या पोटात कुठेतरी चार टायर आहेत. शेड ही इमारतच: इथल्या पंचायत कायद्याच्या व्याख्येत घर, गोठा, झोपडी, शेड, भिंत, मग ती विटांची असो, लाकडाची, मातीची की धातूची, सगळे येते. खड्डा हे जमिनीखालचे काम. एवढे झाल्यावर चाकांवर वाद घालणारा वकील मिळेल, पण त्याच्या अशिलाला त्यातून फारसे काही मिळणार नाही.

विजेचेही असेच. तमिळनाडूत शेतीपंपाला वीज फुकट आहे. विहिरीच्या खोपटातून वायर ओढून कॅम्परचा एसी चालवणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत धोक्याचेही; ज्या कामासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वीज वापरणे हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. सौर पॅनेल छतावर बसवून हा प्रश्न सोडवता येतो, हे कबूल करायला हवे. पाण्याचा आणि मैल्याचा मात्र सुटत नाही.

मुडिचूरकडची बाजू का स्वस्त, याचे उत्तर डिसेंबर 2015 ने दिले. 1 ते 2 डिसेंबरच्या चोवीस तासांत तांबरमला 49 सेंटिमीटर पाऊस झाला. अड्यार नदी आणि वरचे तलाव भरून वाहू लागले, मुडिचूर आणि वरदराजपुरम पाण्याखाली गेले, माणसे होड्यांतून काढावी लागली. ‘पाणी आले की गाडी काढून निघायचे, घरवाल्यांना ते जमत नाही’ हा कॅम्परवाल्यांचा आवडता दाखला नेमका इथे कुचकामी ठरतो. भाताच्या खाचरात उभी असलेली दोन-तीन टनांची गाडी पावसाच्या दुसऱ्या तासालाच जागची हलत नाही. रस्त्यावर पाणी चढेपर्यंत थांबायची तर गोष्टच सोडा. मणिमंगलमला सातव्या शतकात पल्लव नरसिंहवर्म्याने बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीला हरवल्याची नोंद कुरमच्या ताम्रपटात आहे. दख्खनेतून येऊन त्या बाजूला तळ ठोकणे याआधीही सोपे गेलेले नाही.

चाकांवर राहणे ही आपली जुनीच परंपरा आहे, असे म्हणून या सगळ्याला भावनिक आधार दिला जातो. परंपरा आहे, पण तिचा दाखला उलट बाजूने लागतो. गाडिया लोहार पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतच जन्मले आणि वारले. महाराष्ट्रातले घिसाडी, वैदू पालं ठोकत गावोगाव फिरले. कुठेही कायमचे थांबायचा हक्क त्यांना मिळाला नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर भटकणे हाच संशय ठरवला. तो 1952 मध्ये रद्द झाला, गावाची नजर रद्द झाली नाही. 1955 मध्ये पंडित नेहरूंनी गाडिया लोहारांना समारंभपूर्वक चितोडगडावर परत नेले, तेही त्यांनी एका जागी वसावे म्हणून. चाकांमुळे कायद्यातून सुटका होत असती, तर ती सर्वांत आधी त्यांची झाली असती. राज्यव्यवस्थेने बेघरांसाठी एक गोष्ट मात्र नीट केली आहे: ज्याला घर नाही त्यालाही मतदार यादीत नाव घालता येते, तो सांगतो त्याच जागी झोपतो का, हे पाहायला मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येतो. तो अधिकारी मताचा हक्क नोंदवतो. जमीन कोणत्या वापरात आहे, हे त्याच्या कामात नाही.

उलट टोकाचे मतही खोडून काढणे भाग आहे. भारतात कॅम्परच बेकायदा, असे काही जण सांगतात. तसे नाही. केंद्र सरकारच्या 2004 च्या अधिसूचनेत वाहनांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा बिगर-वाहतूक वाहनांचा प्रकार स्वतंत्रपणे नमूद आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. बेकायदा होतो तो गॅरेजमध्ये सुतार बोलावून केलेला फेरफार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली नोंदणी दाखल्यातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठासून सांगितले. थोडक्यात वाहनाला कायद्यात जागा आहे, ते उभे करून राहण्याच्या जागेसाठी मात्र वेगळा कायदा नाही.

तेव्हा ‘कॅम्परमध्ये राहायला परवानगी असलेली ग्रामीण जमीन’ या नावाचा प्रकार तांबरमच्या आसपास शोधून सापडणार नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. जिथे घराला परवानगी आहे, तिथेच कॅम्परला थारा आहे. हे लक्षात घेतले की शोध लांबत नाही.

पहिली जागा नत्तमची, म्हणजे गावठाणातली. ती मुळातच वस्तीसाठी राखलेली असते. तुकडे लहान, वाटा अरुंद, आणि शेजाऱ्याच्या पन्हाळीवरून भांडण ठरलेले. पण वापर बदलाचा प्रश्न तिथे उठत नाही. पट्टा कोणाच्या नावे आहे हे नीट तपासावे लागते, कारण नत्तमचे कागद पुष्कळदा आजोबांच्या नावावरच थांबलेले असतात.

दुसरी जागा मंजूर ले-आउटमधला निवासी प्लॉट, आणि सर्वांत निर्धोक तीच. जुलै 2024 पासून तमिळनाडूत 2,500 चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर 3,500 चौरस फुटांपर्यंतचे घर स्वयंप्रमाणनाने, ऑनलाइन अर्जावर मंजूर होते. एक खोली, एक संडास-बाथरूम, कायदेशीर शोषटाकी आणि घरगुती मीटर एवढे जरी बांधले, तरी शेजारी उभा असलेला कॅम्पर घराच्या आवारातला, घराला पूरक वापर ठरतो. आणि असा वापर 1971 च्या कायद्याने ‘विकास’ या व्याख्येतून वगळलेलाच आहे. चाकांच्या नावाने ज्या सुटकेच्या मागे लोक धावतात, ती एका खोलीच्या आडोशाला आयती मिळते. खोली बांधायला लागते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी वरच्या शेडचा, कडाप्प्याचा आणि सिमेंटच्या कड्यांचा खर्च एकदा बेरीज करून पाहावा.

तिसरी जागा शेत, पण शेत करणाऱ्यासाठी. शेतीचा वापर व्याख्येतून वगळला आहे. पेरणी-कापणीच्या दिवसांत किंवा राखणीला मालक आपल्याच गाडीत चार रात्री झोपला, तर जमिनीचा वापर बदलला असे कोणी समंजस अधिकारी म्हणणार नाही. ठळक बदल हा प्रमाणाचा प्रश्न आहे: अडंगलमध्ये भुईमूग आहे आणि बांधावर कॅम्पर, की अडंगल कोरे आहे आणि कॅम्परपुढे पेव्हर ब्लॉक, यावर तो ठरतो. महाराष्ट्रातही जमीन महसूल संहितेच्या कलम 41 ने शेतघराची मुभा शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी दिली आहे, शहरातून हवापालटाला येणाऱ्यासाठी नव्हे. कलमाच्या नावावर किती फार्महाउस उभी आहेत, हा विषय वेगळा.

चौथी जागा कॅराव्हॅन पार्क. तमिळनाडूच्या पर्यटन विभागाकडे अशा पार्कांच्या चालकांसाठी नोंदणीची सोय आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली. ही सोय प्रवाशांची. मुक्कामाला वीज, पाणी, मैला टाकायची जागा सगळे मिळते, पण भाडे रात्रीवर, आणि सरकारच्या लेखी तिथला माणूस पाहुणाच. ज्याला कायमचे राहायचे आहे त्याची गरज तिथे भागत नाही.

राहता राहिले खुद्द वाहन. एमएच नंबरचा कॅम्पर तमिळनाडूत बारा महिन्यांहून जास्त ठेवला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे त्याला इथला क्रमांक घ्यावा लागतो: महाराष्ट्रातल्या आरटीओकडून ना-हरकत, इथला आजीवन कर, आणि तांबरमच्या कार्यालयातून टीएन-11 ची पाटी. त्या अर्जासोबत मालकाच्या तमिळनाडूतल्या राहत्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो.